आधी मान बघ, मग रंग

सोलापूर, मे महिन्यातली दुपार

बाळ,

तुझा मेसेज वाचला. पाच तारांचा काळा चकचकीत बेस गिटार, सेकंड हँड, १४ हजार. घ्यावा का, एवढंच विचारलंयस आणि सोबत चार फोटो. चारही फोटोंत बॉडी आहे. मान, म्हणजे आपण जिला नेक म्हणतो ती, एकाही फोटोत सरळ दिसत नाही.

मीही पहिला बेस रंगावर भाळूनच घेतला होता. त्याला नऊ व्होल्टची बॅटरी लागते हे मला गणपतीच्या मांडवात कळलं, दुसऱ्या गाण्यात. आवाज आधी फाटला, मग गेलाच. कीबोर्डवाल्याने डाव्या हाताने बेस वाजवून कार्यक्रम निभावला. बिदागी मात्र दोघांना सारखी मिळाली, हे तो अजून ऐकवतो. असो, बॅटरी बदलता येते. पुढे तोच बेस मी पत्र्याच्या खोलीत कपाटावर ठेवून दिला आणि उन्हाळा सरल्यावर काढला, तर नेक धनुष्यासारखी वाकलेली. ट्रस रॉड (नेक सरळ ठेवणारी आतली सळई) आवळायला गेलो तर तो आधीच शेवटपर्यंत आवळलेला. ज्याने मला विकला त्याने दुखणं तात्पुरतं दाबून विकला होता. तिथे माझे पैसे बुडाले.

तुझ्या घरी माग आहेत, ताण म्हणजे काय हे मी तुला काय सांगू? बेसच्या चार तारा मिळून नेकला साधारण पाऊणशे किलोंनी ओढत असतात, रात्रंदिवस. त्यात आपलं ऊन कोरडं. लाकूड आकसतं, फ्रेटची, म्हणजे नेकवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्यांची, टोकं कडेने बाहेर येतात आणि हात वरखाली नेताना तळवा ओरबाडतो. ती टोकं कानशीने घासता येतात. वाकलेली नेकही बहुधा ट्रस रॉडने सरळ होते. पीळ पडलेल्या नेकसाठी मात्र तुझ्या पैशात काहीच करता येत नाही.

म्हणून बेस हातात घेतलास की आधी बॉडीच्या बाजूने, एक डोळा मिटून, सुतार फळी बघतो तसं नेककडे बघ. एक कड वर आणि दुसरी खाली जाताना दिसली तर चहा पिऊन उठून ये. मग जाड ई तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबून धर. मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट हवी. फट जास्त असेल तर घाबरू नको, पण रॉड फिरतो का ते मालकालाच त्याच्या हाताने पाव आटा फिरवून दाखवायला सांग. तो टाळाटाळ करायला लागला तर समजून जा.

नंतर प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर वाजव. चार तारांचा, २० फ्रेटचा बेस असेल तर ८० सूर; पाच मिनिटांचं काम आहे, लाजू नको. बाराव्या फ्रेटवरचं हार्मोनिक (तार न दाबता नुसतं बोट टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर मोबाईलच्या ट्यूनरवर ताडून बघ. थोडा फरक ब्रिजवरचं सॅडल, म्हणजे बॉडीकडे तार टेकते तो तुकडा, सरकवून जातो.

लोक नेमकं उलटं करतात. नॉब फिरवताना खरखर आली की बेस नाकारतात आणि वाकडी नेक घरी आणतात. खरखर म्हणजे बहुतेकदा नॉबखालच्या पॉटमधली धूळ. वायर खुपसतो त्या सैल जॅकला डाग द्यायला रेडिओ दुरुस्त करणारा माणूसही पुरतो. उलट अशा खोडीवर भाव पाडून घे.

पाचव्या तारेचा मोह सोड. स्वस्त बेसवर ती खालची बी तार लिबलिबीत वाजते, आणि आपल्या ऑर्केस्ट्रात तिच्यावाचून कुणाचं अडलेलं मी पाहिलं नाही. चार तारा, बोल्टने बसवलेली नेक, बॅटरीशिवाय चालणारा पॅसिव्ह सर्किटचा बेस बघ. लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस काढला तो साधारण असाच होता. १९५७ मध्ये त्याला दोन तुकड्यांचा पिकअप, म्हणजे तारांची थरथर पकडणारा भाग, आला. ते दोन तुकडे एकमेकांची घरघर मारतात. मांडवातल्या लायटिंगशेजारी उभा राहिलास की याची किंमत कळेल. जुना स्क्वायर (फेंडरचाच स्वस्त ब्रँड) प्रिसिजन किंवा यामाहा टीआरबीएक्स १७४ बऱ्या अवस्थेत सापडला तर आधी तो बघ.

१४ हजार सगळे बेसवर घालू नको. नव्या तारा, सेटअप (नेक आणि तारांची उंची जुळवून घेणं) आणि जाड बॅग यासाठी दोन-तीन हजार बाजूला ठेव. अॅम्पची घाई नाही. मोकळ्या ई तारेचा सूर ४१ हर्ट्झच्या आसपास असतो. घरच्या होम थिएटरवर जोरात वाजवलास तर स्पीकर फाटेल आणि वडील तुला फाडतील. सध्या हेडफोनवर भागव. आणि मांडवात वाजवताना माइकला ओठ लागून झटका बसला तर अर्थिंग नाही असं समज आणि वाजवणं थांबव. तारा ब्रिजमधून अर्थलाच जोडलेल्या असतात, त्यामुळे हा चेष्टेचा विषय नाही.

बॅग मिळेपर्यंत बेस चादरीत गुंडाळ, पत्र्याखाली ठेवू नको.

रविवारी सकाळी आपण दोघं बघायला जाऊ. अॅलन कीचा जुडगा मी आणतो. आणि काय बे, मी येतोय हे मालकाला आधी सांगू नको. तो मला ओळखतो, रॉडला तेल घालून बसेल.

तुझा,
काका