मुदत संपत आहे, पण जीआय बिलाची नव्हे

आपले पत्र मिळाले. आपला २६ वर्षांचा मुलगा अमेरिकी लष्कराच्या वाहतूक तुकडीत ५ वर्षे अवजड ट्रक चालवून चार महिन्यांपूर्वी घरी परतला असून त्याला पुढेही ट्रकचालक म्हणूनच काम करायचे आहे. त्याने लगेच संगणकशास्त्राच्या पदवीसाठी प्रवेश घ्यावा, अन्यथा सैनिकांच्या शिक्षणाचा खर्च देणाऱ्या सरकारी योजनेचे, म्हणजे ‘जीआय बिलाचे पैसे बुडतील आणि चार लोकांत सांगण्यासारखे काही राहणार नाही’, असे आपण लिहिता आणि त्याची समजूत घालणारे पत्र माझ्याकडून मागता.

तसे पत्र मी लिहिणार नाही. तो सायबर सुरक्षेचा अभ्यासक्रम करीत असल्याचे आपण नातेवाइकांना सांगून ठेवले आहे, हे वाचून मला वाईट वाटले. गणवेशात असताना तो हेच काम करीत होता आणि तेव्हा आपण त्याच्याविषयी अभिमानाने बोलत होता. गणवेश उतरताच त्याच कामाची आपल्याला लाज वाटू लागली, हे त्याला कळले नसेल असे मानू नका. रणभूमीवरून परतलेल्या मुलाला स्वतःच्या घरात एका खोट्या गोष्टीआड राहावे लागणे ही शिक्षा आहे, आणि ती आपण नकळत का होईना, त्याला दिली आहे. नातेवाइकांना खरे काय ते सांगून टाका. त्याच्या करिअरसाठी आपण करू शकाल असे ते पहिले काम आहे.

आता जीआय बिलाविषयी. ९/११ नंतरच्या जीआय बिलाचा लाभ सेवामुक्तीनंतर ठरावीक वर्षांतच घ्यावा लागतो, हा समज जुन्या नियमावर आधारलेला आहे. २०१७ च्या कायद्याने, १ जानेवारी २०१३ रोजी किंवा त्यानंतर सेवामुक्त झालेल्या सैनिकांसाठी ही कालमर्यादाच काढून टाकली. म्हणजे त्याला पदवी घ्यावीशी वाटली, तर ती तो तिसाव्या वर्षीही घेऊ शकेल आणि चाळिसाव्याही. मुदत आहे ती दुसऱ्याच गोष्टीला. लष्करात किमान २ वर्षे अवजड वाहन चालवलेल्या व्यक्तीला व्यावसायिक वाहन परवान्यासाठीच्या प्रत्यक्ष वाहन चालवण्याच्या चाचणीतून सूट मिळू शकते. परंतु ती सेवा अर्ज करण्याआधीच्या १ वर्षाच्या आत संपलेली असावी लागते आणि वाहन चालवण्याची पूर्वीची नोंदही स्वच्छ असावी लागते. त्यातले चार महिने आपल्या घरातील वादातच गेले आहेत. ही सूट मिळाली, तर नवशिक्या चालकांसाठी ७ फेब्रुवारी २०२२ पासून सक्तीचे झालेले प्रशिक्षणही त्याला लागू होत नाही. लेखी परीक्षेतून सूट मिळेल की नाही, हे त्याचे लष्करातील नेमके पद आणि आपले राज्य यांवर ठरते. त्यासाठी राज्याच्या परवाना कार्यालयात विचारावे. परीक्षा टळली म्हणजे शिकायचे काही उरले नाही, असे मात्र त्याने समजू नये. ५३ फुटी ट्रेलर अरुंद जागेत मागे घेणे हे वेगळे कसब आहे, आणि पहिले काही आठवडे अनुभवी चालकासोबत काढण्यात कमीपणा नाही.

त्याच्या निवडीला माझा पाठिंबा असला, तरी आपल्या पत्रातील एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचले. ‘मला काही काळ कोणाशी बोलायचे नाही, एकट्याने गाडी चालवायची आहे’, असे तो म्हणतो, आणि आपण ते त्याच्या आळसाचा पुरावा म्हणून लिहिले आहे. मला ते या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य वाटते. अनेक माजी सैनिकांना केबिनमधील शांतता खरोखर मानवते: हद्द स्पष्ट, काम स्पष्ट, डोक्यावर उगाच कोणी नाही. परंतु दीर्घ पल्ल्याचा चालक आठवडेच्या आठवडे घराबाहेर ट्रकमध्येच झोपतो, आणि सलग १० तासांच्या विश्रांतीनंतरच्या १४ तासांत ११ तास गाडी चालवण्याची मुभा असल्यामुळे त्याच्या झोपेची वेळ रोज सरकू शकते. ज्याची झोप आधीच बिघडलेली आहे, त्याला हा एकांत बरा करण्याऐवजी आणखी आत ओढू शकतो. तो रात्री किती वेळ झोपतो, हे आपल्या दोन पानी पत्रात कुठेही नाही. ते विचारा, आणि उपदेश न करता विचारा. उपचार घेतले तर परवाना गेलाच, या भीतीने काही जण गप्प राहतात. प्रत्यक्षात वैद्यकीय परीक्षक सध्याची प्रकृती आणि औषधे पाहून निर्णय देतो, केवळ उपचार घेतले म्हणून कोणी अपात्र ठरत नाही. परिस्थिती बिकट वाटली, तर ९८८ वर फोन करून १ दाबल्यास माजी सैनिकांसाठीची मदतवाहिनी दिवसरात्र उपलब्ध असते.

म्हणून माझा सल्ला असा आहे की, परवान्याचा अर्ज त्याने याच महिन्यात करावा, मात्र पहिली नोकरी दीर्घ पल्ल्याची घेऊ नये. दोन टर्मिनलांदरम्यान माल नेऊन त्याच दिवशी परत येण्याची किंवा शहराच्या परिसरातील कामे शोधावीत. अशा काही कंपन्या आधी अनुभव मागतात, पण लष्करी अनुभव धरला जातो का, हे विचारल्याशिवाय कळत नाही. वेतन मैलावर असेल, तर गोदामाच्या दारात उभे राहिल्याच्या तासांचे काय, हेही तेव्हाच विचारावे. ‘हप्ता भरा आणि स्वतःच्या ट्रकचे मालक व्हा’ असा करार पहिल्या वर्षी कोणी पुढे केला, तर त्यावर मुळीच सही करू नये, कारण अशा करारांत काम देणाराही तोच, हप्ता कापणाराही तोच, आणि नोकरी सुटली की ट्रकही जातो आणि भरलेले पैसेही.

पुढचे पत्र आपण लिहू नका. त्याला लिहावेसे वाटले तर त्याने लिहावे. मी त्यालाच उत्तर देईन.