थंडीत स्पीड पडला म्हणून घाबरू नका

प्रश्न: सीझनची पहिली सायकलची रोड रेस सहा आठवड्यांवर आलीये. सकाळी 5 डिग्रीत राइडला निघतो. गेल्या सीझनला सपाटीवर ताशी 30 किमीचा अ‍ॅव्हरेज आरामात पडायचा, आता तेवढाच दम लावून 28 पण होत नाही, म्हणून आठवड्यातून चार दिवस इंटरव्हल (थोडा वेळ पूर्ण जोरात, मग सावकाश, परत तसंच) चालू केले. आता गुडघा पुढच्या बाजूने दुखतोय आणि रात्री खोकला येतो. काय चुकतंय?

उत्तर: अ‍ॅव्हरेजचं भूत आधी डोक्यातून काढा, कारण बाकी सगळं तिथूनच सुरू झालंय. 30 डिग्रीच्या मानाने 5 डिग्रीला हवा साधारण 9 टक्के जास्त दाट असते आणि सपाटीवर आपली बरीचशी ताकद हवा कापण्यातच जाते, त्यामुळे तेवढ्याच जोरात 30 चे 29 इथेच होतात. वरून जाड जॅकेट फडफडतं, गारठलेला टायर जड चालतो, घरात भरलेली हवा बाहेर आल्यावर थोडी बसते. सुट्टीचा थोडा गंज असेलच, पण तो चार दिवस इंटरव्हल मारून नाही निघत. हार्ट रेट किंवा पॉवर (पेडलवर लावलेली ताकद, वॅटमध्ये) बघा, स्पीडचा आकडा स्क्रीनवरून काढूनच टाका.

चार दिवस इंटरव्हल म्हणजे फार झाले हो. पहिले तीन आठवडे एकच दिवस जोराचा, बाकी लांब आणि सावकाश, शेजारच्याशी पूर्ण वाक्यात गप्पा मारता येतील इतकंच. पुढचे दोन आठवडे जोराचे दोन दिवस करा आणि रेसच्या आठवड्यात तास निम्मे.

आता गुडघा. वाटीवर मांस नसतं, नुसती कातडी, आणि वारा थेट तिथेच लागतो. 5 डिग्रीत 30 च्या स्पीडला अंगाला 0 डिग्रीसारखं लागतं. मी दर थंडीत बघतो, माणूस शॉर्ट्स घालून निघतो, गुडघे लालभडक झालेले, आणि कोपऱ्यावर पोचायच्या आत मोठ्या चेनरिंगवर (पेडलजवळची दात्यांची चकती) 65 च्या कॅडन्सने (मिनिटाला पेडलचे फेरे) दाबत सुटलेला असतो. असं नका करू. 18 डिग्रीच्या खाली नी वॉर्मर चढवायचे, आणि पहिली 20 मिनिटं छोटी चेनरिंग, कॅडन्स 90 च्या आसपास. थंडीसाठी जाड सोलचे शूज घेतलेत का तेही बघा, तसं असेल तर सीट आपोआप खाली आल्यासारखी होते आणि गुडघा पुढून दुखायला तेवढं पुरतं. जिना चढतानाही दुखत असेल तर मात्र राइड बंद आणि फिजिओकडे जा.

खोकल्याचं कारण म्हणजे जोरात धापा टाकताना गार कोरडी हवा सरळ तोंडातून आत जाते आणि आतली नळी सुकते. जोराचा दिवस दुपारी ठेवा किंवा घरात ट्रेनरवर (सायकल जागेवरच चालवायचा स्टँड) करा, बाहेर असाल तर बफ (गळ्यातला कापडी पट्टा) तोंडावर घ्या. छातीत शिट्टीसारखा आवाज आला किंवा छाती आवळली तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा.

कपड्यांचं एकच सांगतो, निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. घरातून उबदार निघालात तर चढावर घाम फुटतो आणि उतारावर तोच ओला कपडा अंग गोठवतो, म्हणून चढाला जॅकेटची चेन उघडा, वर पोचायच्या आधी लावा आणि छातीवर जर्सीच्या आत वर्तमानपत्राची घडी सरकवा, जुने रेसर हेच करायचे. हातांची हयगय तर अजिबात नको. 1980 ची बेल्जियममधली लिएज-बास्तोन्य-लिएज रेस फ्रान्सचा बर्नार्ड इनो बर्फात जिंकला, 9 मिनिटांहून जास्त फरकाने, फक्त 21 जण पोचले शेवटपर्यंत, पण त्याच्या बोटांना झालेली इजा कायमची राहिली. एवढा मोठा रेसर, त्यालाही थंडीने सोडलं नाही, तर आपल्या ट्रेनिंग राइडला बोटं बधिर व्हायला लागली की परत फिरायचं, त्यात कमीपणा काही नाही.

प्रश्न: थंडीत तहानच लागत नाही, दोन तासांत बाटली तशीच परत येते. चालेल का?

उत्तर: नाही चालणार. थंडीत तहान कळत नाही, पण घाम जातोच आणि श्वासातूनही पाणी जातं. बाटलीत कोमट पाणी भरा, दर 15 मिनिटांनी दोन घोट घ्या, दोन तासांत एक बाटली संपलीच पाहिजे.