वहिनीला रूथची गोष्ट सांगण्याआधी

तुमचा प्रश्न असा आहे: भाऊ गेला, वहिनी लेकराला घेऊन माहेरी जायचं म्हणते, आई एकटी पडेल. बायबलातल्या रूथ या विधवा सुनेनं दुःखात सासूची, नामीची, साथ सोडली नाही, तो श्रद्धेचा आणि घराशी असलेल्या निष्ठेचा धडा वहिनीला कसा समजावून सांगू?

समजावू नका. हीच गोष्ट चारचौघांत माझ्या तोंडावर मारली गेली आहे, म्हणून लिहायला बसले.

२०१० साली माझे मिस्टर गेले. मुलगी चार वर्षांची. सासरे आधीच गेलेले. नगर जिल्ह्यातलं कोरडवाहू गाव, दोन एकर रान, घरात मी, लेक आणि आत्या. सासूबाईंना मी आत्याच म्हणायचे. मी नर्सिंग केलेलं, पण गावात नोकरी कुठून मिळणार? सहा महिन्यांनी आत्याच म्हणाल्या, "तू पुण्याला भावाकडं जा. पोरीचं बघ. माझं मी बघीन." दोघी रडलो आणि मी निघाले.

दोन महिन्यांनी एका रविवारी गावी आले, तर मंडळीत, म्हणजे आमच्या चर्चमध्ये, बाहेरून आलेल्या एका वक्त्याचा संदेश होता. रूथ, अध्याय पहिला. रूथ नामीला बिलगून राहिली, दुसरी विधवा सून अर्पा हिनं निरोपाचं चुंबन घेतलं आणि पाठ फिरवली. मग सुरू झालं: आजकालच्या सुना सगळ्या अर्पा, नवऱ्याची माती वाळत नाही तोच शहराची वाट धरतात. त्याला कोणीतरी आधी सांगून ठेवलं होतं, हे कळायला मला वेळ लागला नाही. चुलत दीर पुढच्याच सतरंजीवर मान डोलवत होता. लेक माझ्या मांडीवर झोपली होती आणि मला उठून बाहेरही जाता येईना.

तेव्हा आत्या उठल्या. मुलगा गेल्यापासून त्यांनी मंडळीत तोंड उघडलं नव्हतं, गीतांचं पुस्तकसुद्धा मिटूनच बसायच्या. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. त्यांनी आपलं शास्त्र, म्हणजे बायबल, काढलं, ओळीवर बोट ठेवलं आणि आठवं वचन सावकाश वाचलं. मग म्हणाल्या, "परत जा म्हणणारी नामीच आहे. आणि आशीर्वाद दोघींना एकच दिलाय." एवढंच बोलून खाली बसल्या.

त्या दिवसानंतर मी ते चार अध्याय किती वेळा वाचले असतील याला गणती नाही. आत्यांचं खरं होतं. नामी दोघी सुनांना म्हणते, तुम्ही मेलेल्यांशी आणि माझ्याशी जशा दयेनं वागलात, तशी दया परमेश्वर तुमच्यावर करो. मूळ हिब्रूत इथे 'हेसेद' शब्द आहे, म्हणजे निष्ठेनं केलेली दया. रूथ मध्यरात्री खळ्यावर जाते तेव्हा बवाज, म्हणजे पुढं तिच्याशी लग्न करणारा शेतमालक, तिच्या वागण्यालाही हाच शब्द लावतो. म्हणजे अर्पानं दहा वर्षांत जे केलं तेही हेसेदच. तिला एक वाईट शब्द त्या पुस्तकात नाही. वाईट शब्द आपण घातलेत.

नामीनं निष्ठा मागितलीच नाही, हे लोक का विसरतात? रूथ म्हणाली, तुमचे लोक ते माझे लोक, तुमचा देव तो माझा देव, ते सासू नको म्हणत असताना, आपल्या मनानं. दिराच्या सांगण्यावरून म्हटलेलं ते वाक्य नाही.

श्रद्धेचं विचाराल तर मला नामीचीच श्रद्धा खरी वाटते. दुष्काळात बेथलेहेम सोडून मवाबात गेली, नवरा गेला, दोन्ही मुलगे गेले. परतल्यावर बायकांना म्हणते, मला नामी म्हणू नका, मारा म्हणा. नामी म्हणजे मनोरम, मारा म्हणजे कडू. भरलेली गेले होते, परमेश्वरानं रिकामी आणली. शेजारी रूथ उभी असताना म्हणते! देवावर असा उघड रुसवा, आणि अख्ख्या पुस्तकात तिला कोणी दटावत नाही. आत्यांचं ते मिटलेलं पुस्तक मला तेव्हापासून वेगळंच दिसायला लागलं.

आता निष्ठेचं. दुसरा अध्याय तुम्ही स्वतः वाचा, वहिनीला देऊ नका. रूथ सरवा, म्हणजे कापणीत रानात पडून राहिलेली कणसं, वेचायला जाते. शेताचे कोपरे कापू नका, पडलेली कणसं उचलू नका, ती गरिबाला आणि परक्याला राहू द्या, असं बायबलातल्या लेवीय पुस्तकात सांगितलेलं आहे. बवाज त्याच्याही पुढं जातो: तिला हात लावू नका असं गड्यांना बजावतो, पेंढ्यांतून मुद्दाम कणसं ओढून टाका म्हणतो. संध्याकाळी झोडपलं तर एफाभर सातू, म्हणजे अंदाजे २२ लिटर. दुपारच्या जेवणात मिळालेला हुरडा खाऊन उरलेला ती सासूसाठी घेऊन जाते. आत्याही, मी पुण्याला निघाले की, रुमालात शेंगदाणे बांधून पोरीच्या हातात द्यायच्या. कुठून आणायच्या, मला कधी सांगितलं नाही.

हा प्रश्न पडायचा, कारण आमचं रान त्या मान डोलवणाऱ्या चुलत दिराकडं निम्म्या वाट्यानं होतं. पहिल्या वर्षी त्यानं तीन पोती बाजरी दिली. २०१२ च्या दुष्काळात काही पिकलं नाही म्हणाला, मान्य. पुढच्या वर्षी पाऊस झाला तरी एक पोतं आलं नाही. चौथ्या अध्यायातला तो जवळचा आप्त आठवा. नामीच्या नवऱ्याची जमीन सोडवून घेतो म्हणाला, पण जमिनीबरोबर रूथही बायको म्हणून येईल हे कळल्यावर म्हणाला, माझ्या वतनाची खराबी होईल. शास्त्रानं त्याचं नावसुद्धा लिहून ठेवलं नाही. रान हवं, म्हातारी नको! मी हे दिराला तोंडावर म्हटलंय, आजही म्हणते.

२०१४ ला आत्यांच्या डोळ्यांची ऑपरेशन्स करायची ठरली तेव्हा मी त्यांना पुण्याला आणलं. २०१९ मध्ये माझ्याच घरी गेल्या. नोकरी होती म्हणून आणू शकले.

हेही सांगते की जी सून आपल्या मनानं राहते तिचं मोल मी कमी करत नाही. बेथलेहेमच्या बायका रूथला सात मुलांपेक्षा अधिक म्हणतात, ते उगीच नाही. आणि सगळेच दीर सारखे नसतात, तुम्ही निदान विचारलं तरी. पंडिता रमाबाई १८८२ मध्ये विधवा झाल्या तेव्हा मुलगी काखेत होती. त्यांनी पुण्याची वाट धरली, आणि पुढं याच शास्त्राचं मूळ हिब्रू-ग्रीकवरून मराठीत भाषांतर केलं. मुलीचं नाव मनोरमा. त्यांना अर्पा म्हणाल का?

वहिनीला गाडीत बसवून द्या. आईला महिन्याला किती लागतात ते काढा आणि त्यातला तुमचा वाटा आजच ठरवा. आणि भावाच्या नावावर जमीन असेल तर १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे ख्रिस्ती विधवेला एक तृतीयांश, बाकी लेकराला मिळते. तलाठ्याकडं वारस नोंद लावलीत का? प्रश्नात त्याचा उल्लेख नाही, म्हणून विचारते.