साठेखत झालंय, पण मालक खरेदीखताला येईना

प्रश्न : शिरूरकडे 3 गुंठ्यांचा एनए प्लॉट 28 लाखांत ठरला, साठेखत (पुढे खरेदीखत करून देण्याचा करार) रजिस्टर झालं, 9 लाख बँकेतून दिले. आता तिकडे भाव चढलेत, तर मालक म्हणतो 8 लाख वाढवून द्या नाहीतर इसार परत घ्या. मित्र म्हणतात सरळ 420 ची केस टाका. काय करू?
– एक वाचक, हडपसर

उत्तर : 420 राहू द्या. ते कलम आता भारतीय न्याय संहितेत 318 झालंय, आणि नुसता शब्द फिरवला म्हणून फसवणूक होत नाही, मुळात व्यवहार करतानाच फसवायचा हेतू होता हे दाखवावं लागतं, पोलीस तुम्हाला दिवाणी मॅटर आहे म्हणूनच परत पाठवतील.

तुमचा खरा हक्क म्हणजे करारपूर्तीचा दावा, मालकाने ठरल्याप्रमाणे खरेदीखत करून द्यावं म्हणून. स्पेसिफिक रिलीफ कायद्यातल्या 2018 च्या दुरुस्तीआधी असा हुकूम द्यायचा की नाही हे बरंचसं कोर्टाच्या मर्जीवर होतं, आता अपवाद सोडले तर द्यावाच लागतो. पण तुम्ही स्वतः कायम तयार होतात हे कागदावर दिसलं पाहिजे, आणि लोक नेमके इथेच मार खातात, फोनवर भांडत बसतात. वकिलांकडून नोटीस पाठवा, त्यात रजिस्ट्रेशनची तारीख-वेळ द्या आणि त्या दिवशी 19 लाखांचा डीडी, पॅन, आधार, साक्षीदार घेऊन रजिस्ट्रार ऑफिसला खरंच जाऊन बसा, मालक येणार नाही हे माहीत असलं तरी. आणि हो, त्याने 9 लाखांचा चेक पाठवला तर वटवू नका, करार रद्द झाल्याचं तुम्हाला मान्य आहे असा अर्थ काढतील, लेखी कळवून परत करा.

मुदत 3 वर्षं, साठेखतात तारीख असेल तर त्या तारखेपासून, नसेल तर मालकाने नकार दिल्याचं कळलं तेव्हापासून. दावा जमीन जिथे आहे तिथल्या कोर्टात, आणि सोबत मनाई हुकुमाचा अर्ज लगेच टाका, नाहीतर मालक तिसऱ्यालाच विकून मोकळा. आपल्या महाराष्ट्रात आणखी एक भानगड आहे, दावा चालू असल्याची लिस पेंडन्सची नोटीस रजिस्टर करावी लागते, तरच नंतरचा घेणारा दाव्याच्या निकालाला बांधला जातो. बरेच जण हे विसरतात.

इसार परत आणि नुकसानभरपाई ही मागणीसुद्धा पर्याय म्हणून त्याच दाव्यात लिहून घ्या, इसार न मागता कोर्ट आपणहून देत नाही.