हीटसिंक कोमट, तरी ट्रान्झिस्टर का जळतो?

ट्रान्समीटरच्या पॉवर ॲम्प्लिफायरच्या (सिग्नलची शक्ती वाढवणाऱ्या भागाच्या) तापण्याबद्दल फिरून फिरून तेच विचारले जाते, म्हणून काही उत्तरे एकत्र देतो.

प्रश्न: ट्रान्झिस्टर आणि हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा धातूचा ठोकळा) यांच्यामध्ये थर्मल पेस्टचा लेप भरपूर लावला तर उष्णता लवकर जाते का?

नाही. पातळ थर पुरे. जाड थर उष्णता अडवतो.

प्रश्न: पंखा कधी बंद करावा?

ट्रान्समिशन थांबल्यावर, हीटसिंक थंड झाल्यानंतर.

प्रश्न: हीटसिंकवर आरामात हात ठेवता येतो. म्हणजे ट्रान्झिस्टर सुरक्षित ना?

मुळीच नाही, आणि या समजापायीच चांगले ट्रान्झिस्टर जातात. हाताला कळते ते हीटसिंकचे तापमान. जळते ते आतले जंक्शन, म्हणजे चिपमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. हिशेब करून पाहा. ट्रान्झिस्टरमध्ये 100 वॅट उष्णता होते आहे. जंक्शन ते केस (बाहेरचे आवरण) उष्णतारोध 0.5 अंश प्रति वॅट, म्हणजे 50 अंशांचा फरक. केस ते हीटसिंक 0.2, म्हणजे आणखी 20. हीटसिंक 45 अंशांवर असेल तर जंक्शन 115 वर. आता ट्रान्झिस्टरखाली धातूचा एक बारीक कीस राहिला, बूड नीट टेकले नाही आणि 0.2 चे 0.6 झाले, की जंक्शन थेट 155 वर. हाताला मात्र काहीच कळत नाही! म्हणून थर्मिस्टर (तापमान ओळखणारा भाग) ट्रान्झिस्टरच्या फ्लँजला, म्हणजे धातूच्या बुडाला, अगदी लागून बसवा, पंख्याच्या झोतात नको. तेवढ्यावरही विसंबू नका. अँटेनाची केबल सुटली तर जंक्शन मिलिसेकंदांत तापू शकते आणि ती उष्णता थर्मिस्टरपर्यंत उशिरा पोहोचते. अँटेनाकडून परतणारी पॉवर मोजून ड्राइव्ह (ॲम्प्लिफायरला येणारा सिग्नल) ताबडतोब तोडणारे सर्किट वेगळेच हवे. मर्यादेचे आकडे तुमच्या ट्रान्झिस्टरच्या डेटाशीटमधून घ्या, ऐकीव नकोत.

प्रश्न: विक्रेता म्हणतो ॲम्प्लिफायर 600 वॅटचा आहे. एफटी8 वर (संगणकाने छोटे संदेश पाठवण्याची हौशी रेडिओची डिजिटल पद्धत) तेवढा चालवू का?

तो आकडा बहुधा बोलण्यातल्या क्षणिक शिखराचा असतो. जाहिरातीत तोच ठळक छापतात. एफटी8 मध्ये पाठवण्याच्या 15 सेकंदांच्या प्रत्येक पाळीत 12.64 सेकंद सलग पूर्ण पॉवर जाते. सलग चालवण्याची मर्यादा उत्पादकाकडून लेखी मागा. ती मिळेपर्यंत निम्म्याच्या वर जाऊ नका.

प्रश्न: संरक्षण सर्किट सारखे ट्रिप होऊन ॲम्प्लिफायर बंद पाडते. त्याची वायर काढून ठेवली तर?

अजिबात काढू नका. अँटेनाऐवजी पुरेशा क्षमतेचा डमी लोड (पॉवर प्रक्षेपित न करता जिरवणारा रोधक) जोडून, कमी पॉवरपासून हळूहळू वाढवत तपासा. ट्रिप थांबले तर दोष बहुधा अँटेनात किंवा केबलमध्ये आहे. नाही थांबले तर आजच बंद करा आणि जाणकार तंत्रज्ञाला दाखवा. स्वतः ट्रान्झिस्टर फोडून किंवा घासून पाहू नका: काहींच्या सिरॅमिकमध्ये बेरिलियम ऑक्साइड असते आणि त्याची धूळ फुप्फुसांना घातक आहे.