जेवणाच्या सुट्टीत बाहेर चालायला जावे, की त्यापेक्षा पहाटेच जाणे बरे?

आपण विचारले आहे, की पुण्यात बाणेरच्या कार्यालयात दुपारी पाऊण तासाची जेवणाची सुट्टी मिळते आणि त्यातला निम्मा वेळ बाहेर चालण्यात घालवावा असे मनात आहे, परंतु उन्हाची, घामाची आणि सहकाऱ्यांच्या शेरेबाजीची धास्ती वाटते. शिवाय घरची मंडळी म्हणतात, की मुलाची शाळेची गाडी सातला येते तर त्याआधी उठून टेकडीवर का जात नाहीस. ऊन, घाम आणि सहकारी यांविषयी पुढे लिहितेच, पण मी हे उत्तर लिहायला बसले ते घरच्या मंडळींच्या त्या सल्ल्यामुळे. तोच सल्ला मी नोकरीची सारी वर्षे ऐकला, आणि ज्यांनी तो दिला त्यांच्यापैकी एकालाही सकाळी पाणी भरावे लागत नव्हते.

सुट्टीतच चाला. प्रौढ माणसाने आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम गतीने चालावे किंवा तेवढ्याच श्रमाचे दुसरे काही करावे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ही मिनिटे पहाटेचीच असावीत अशी अट तिने कोठेही घातलेली नाही. सलग दहा मिनिटे चालले तरच ते हिशेबात धरावे, हा जुना दंडकही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांतून गेला. कामाच्या पाच दिवशी पंचवीस-पंचवीस मिनिटे मिळाली, तरी उरलेली शनिवारी मंडईत पायी जाऊन भरून निघतात.

मी कर्वे रस्त्याजवळच्या एका खासगी कंपनीच्या लेखा विभागात होते आणि राहायला सदाशिव पेठेतल्या वाड्यात, एकत्र कुटुंबात. नळाला पाणी पहाटे येई. ते भरून होते न होते तोच चहा, सासूबाईंचे पथ्याचे, मुलांचे डबे, आमचे दोघांचे डबे आणि मग बस. माझे थोरले दीर, ज्यांना आम्ही भावोजी म्हणत असू, रोज पहाटे पर्वती चढत. १०३ पायऱ्या चढून-उतरून, वाटेत मित्रांबरोबर अमृततुल्यचा चहा घेऊन ते परतत, तोवर जाऊबाईंची आणि माझी निम्मी कामे उरकलेली असत; आणि गरम पोह्यांची बशी हातात घेऊन ते आम्हा दोघींना सांगत, की बायकांनी सकाळी फिरले पाहिजे, नाहीतर चाळिशीनंतर गुडघे धरतात. त्यांच्या प्रकृतीचे मला कौतुक होते आणि आजही आहे. परंतु त्यांची पर्वती आमच्या दोघींच्या हातांवर उभी होती, हे त्या घरात कोणी कधी बोलून दाखवले नाही, आणि मीही तेव्हा बोलले नाही.

अशा दिवसात माझ्या मालकीची म्हणता येईल अशी एकच वेळ होती: दुपारी एक ते पावणेदोन. त्या वेळी मी कार्यालयातून निघून प्रभात रस्त्याच्या गल्ल्यांतून भांडारकर रस्त्यापर्यंत जाई आणि दुसऱ्या गल्लीने परत येई. दुपारी एकनंतर पुणे झोपते, या विनोदाचा तिथे पुरेपूर फायदा मिळे. झाडी दाट आणि वाहने तुरळक. पुढे आमच्याकडे नवे प्रशासन अधिकारी आले आणि त्यांनी फाटकाशी एक नोंदवही ठेवली. सुट्टीत आवाराबाहेर जाणाऱ्याने नाव, जाण्याची वेळ, कारण आणि परतीची वेळ लिहावी, असा लेखी आदेश निघाला. बाकीचे लोक 'चहा', 'बँक', 'औषध', 'टपाल' असे लिहीत. पानटपरीवर जाणारेही 'चहा'च लिहीत. मी 'चालणे' असे लिहिले.

आठवड्याच्या आत मला बोलावणे आले. साहेब शांतपणे म्हणाले, "बाई, चालणे हे काही कारण होत नाही. चालून कुठे जाता ते लिहा." मी म्हटले, "कुठेच जात नाही, चालते आणि परत येते." त्यांना ते उत्तर उद्धट वाटले असावे. चहा चालतो, पान चालते, बँकेत रांगेत उभे राहणे चालते, मग चालणे का चालत नाही, असे मी विचारल्यावर ते म्हणाले, की चहा ही गरज आहे आणि फिरणे ही हौस आहे. हौस सकाळी भागवावी. मी त्यांना कारखाना कायद्याच्या ५५व्या कलमाची आठवण दिली. १९४८ च्या त्या कायद्यानुसार कामगाराकडून सलग पाच तासांपेक्षा अधिक काम करून घेण्याआधी किमान अर्ध्या तासाची विश्रांती द्यावी लागे. साहेब हसून म्हणाले, "हा कारखाना नाही, बाई." मी म्हटले, "मग फाटकावर हजेरी कशाला?" वास्तविक आमच्या कार्यालयाला दुकाने व आस्थापनांचा कायदा लागू होता आणि विश्रांतीची तरतूद त्यातही होती, हे आम्ही दोघेही जाणत होतो. प्रश्न कायद्याचा नव्हताच. खुर्चीत बसलेला माणूस काम करीत असतो आणि रस्त्यावर दिसलेला माणूस उंडारत असतो, एवढीच ती समजूत होती, आणि रस्त्यावर दिसणारी बाई असेल तर ती अधिकच पक्की होती.

मी 'चालणे' लिहीत राहिले. वर्षअखेरीस साहेबांनी त्या नोंदवहीवरून बाहेर घालवलेल्या वेळेचा तक्ता मागितला, आणि आकड्यांचे काम म्हणून तो लेखा विभागाकडे, म्हणजे फिरून माझ्याकडेच आला. मी तो मन लावून केला: कारणवार, महिनावार, परतीच्या वेळेसह. ज्यांनी चहा लिहिला होता, ते बहुतेक वेळा सुट्टी संपल्यानंतर परतले होते, बँकेचेही तसेच. ज्या एका कारणासाठी कोणीही कधी उशिरा परतले नव्हते, ते कारण चालणे हे होते, आणि तोवर ते लिहिणाऱ्या विभागातल्या आणखी दोघी-तिघी झाल्या होत्या. खाली पूर्ण सही करून मी तक्ता पाठवला. त्यावर एका शब्दाचीही विचारणा झाली नाही. नोंदवही मात्र काही दिवसांत फाटकावरून नाहीशी झाली.

आता 'सकाळी का नाही' याचे उत्तर, जे त्या दिवशी साहेबांच्या खोलीत देता आले नाही. जेरी मॉरिस या ब्रिटिश वैद्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर काम करणाऱ्यांचा अभ्यास करून १९५३ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये दाखवून दिले, की दिवसभर बसून राहणाऱ्या चालकांच्या मानाने जिने चढ-उतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होता. टपाल वाटणारे आणि टेबलाशी बसणारे यांच्यातही त्यांना असाच फरक आढळला. ते वाहक पहाटे उठून कोणती टेकडी चढत होते म्हणून नव्हे, तर त्यांचे हालणे-चालणे कामाच्याच वेळेत होते म्हणून ते हिशेबात आले. पुढे चालक आणि वाहक यांच्या शरीरयष्टीत मुळातच फरक होता, असेही आढळले. तेव्हा त्या एका अभ्यासावर सगळा भार टाकू नये हे मान्य. पण हालचाल कामाच्या दिवसात बसवता येते आणि तीही मोजण्यासारखी असते, एवढे त्यावरून नक्की घ्यावे.

दुसरा युक्तिवाद पहाटेच्या शुद्ध हवेचा. भावोजी तो फार करीत. हिवाळ्यात पुण्यात पहाटे थंड हवा जमिनीलगत बसून राहते, आणि धूर व धूळ तिच्यातच कोंडलेली असते. जमीन तापून हवा वर-खाली मिसळू लागली, की दुपारपर्यंत हा धूर आणि धूळ विरळ होतात. डिसेंबर-जानेवारीत पहाटे दिसणारे ते सुंदर धुके निव्वळ धुके नसते. आपल्या शेजारीच, पाषाणला, भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. तिच्या 'सफर' या यंत्रणेवर हवेची स्थिती पाहता येते. हिवाळ्यातला काही दिवसांचा सकाळचा आणि दुपारचा फरक स्वतः पाहावा आणि घरच्यांनाही दाखवावा.

उन्हाची शंका मात्र खरी आहे आणि ती मी उडवून लावणार नाही. आपली घड्याळे ८२.५ अंश रेखांशाच्या वेळेवर चालतात आणि पुणे त्याच्या बरेच पश्चिमेला आहे, म्हणून येथे सूर्य सर्वांत वर येतो तो बाराला नव्हे, तर साडेबाराच्या मागेपुढे. म्हणजे जेवणाची सुट्टी नेमकी माध्यान्हीला पडते. मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीस सूर्य थेट डोक्यावर येतो, आणि त्या सुमारास इमारतींच्या कडेने चालून काही उपयोग नसतो, कारण त्यांची सावलीच पडत नाही. त्या दिवसांत झाडच हवे. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकलेला असतो, तेव्हा पूर्व-पश्चिम जाणाऱ्या रस्त्याच्या दक्षिणेकडच्या पदपथावर इमारतींची चांगली सावली मिळते. सुट्टी मागेपुढे करता येत असेल, तर एप्रिल-मेमध्ये ती शक्य तितकी उशिरा घेण्यापेक्षा लवकर घ्यावी, कारण हवेचे तापमान माध्यान्हीनंतरही दोन-तीन तास चढतच राहते. आणि छत्री वापरावी. मी बारा महिने काळी छत्री वापरली. तिच्यावरून झालेले विनोद छत्रीपेक्षा आधी विरले.

बाणेरचा मुख्य रस्ता टाळावा. तेथील धूर, उखडलेले पदपथ आणि दुचाकी यांत चालण्यापेक्षा सोसायट्यांमधल्या आतल्या रस्त्यांची एक फेरी ठरवून घ्यावी, म्हणजे रोज विचार करावा लागत नाही. बाणेरची टेकडी पाऊण तासात बसवण्याच्या भरीस पडू नका. भर दुपारी तिथे एकट्याने जाऊही नये. महापालिकेच्या बहुतेक बागा दुपारी बंद असतात. सकाळ-संध्याकाळ मोकळ्या असलेल्या लोकांसाठीच बागा आहेत असे या शहराने ठरवून टाकले आहे, आणि नोकरी करणाऱ्या माणसाला बाकावर बसायचे तर तो रविवारीच बसतो.

चालावे आधी आणि जेवावे नंतर, हा माझा क्रम. भरल्या पोटी भरभर चालवत नाही. अकराच्या सुमारास एक केळे खाल्ले, की एक वाजता भूक असूनही पाय चालतात. पंचवीस मिनिटे चालणे, पंधरा मिनिटे जेवण आणि उरलेली पाच मिनिटे पुन्हा मजल्यावरच्या मजल्यावर सावकाश शतपावली; जेवणानंतर चालताना स्नायू रक्तातली साखर वापरतात, त्यामुळे जेवणानंतर ती जी उसळते ती थोडी खाली राहते आणि तीन वाजताची पेंगही कमी होते. गतीची खूण अशी, की बोलता यावे पण गाणे म्हणता येऊ नये. येथे एक गोष्ट आधीच सांगायला हवी होती: आपल्याला मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या चालू असतील, तर उपाशी पोटी चालल्याने साखर एकदम खाली जाऊ शकते. अशा वेळी हा क्रम उलटा करावा आणि डॉक्टरांना विचारूनच ठरवावा. छातीत दडपण येत असेल किंवा धाप लागत असेल तरीही आधी डॉक्टरांना विचारावे. मेमध्ये पारा चाळिशीला टेकलेला असताना माझा हट्टही ऐकू नये. त्या दिवशी इमारतीचे जिने चढावेत.

सहकाऱ्यांविषयी फार लिहीत नाही. पहिले काही दिवस बोलतात, मग एखादी बरोबर येऊ लागते. सगळे एकत्र जेवायला बसत असतील आणि त्यात कामाचेही बोलणे होत असेल, तर आठवड्यातले दोन दिवस त्यांच्याबरोबर बसावे. ते दोन दिवस चालण्यापेक्षा कमी महत्त्वाचे नसतात.

घाम मात्र येणारच. ड्रॉवरमध्ये कॅनव्हासचे बूट, छोटा पंचा आणि एक सुती कुर्ता ठेवावा, परतल्यावर मान आणि हात धुऊन पंख्याखाली पाच मिनिटे उभे राहावे, आणि बैठक असलीच तर ती अडीचनंतर ठेवण्याविषयी सांगावे. आमच्या कार्यालयातले पुरुष सहकारी दुचाकीवरून येऊन दहाच्या बैठकीत घामाघूम बसत, आणि त्यांच्यापैकी कोणाला मी घामाची काळजी करताना पाहिले नाही.