केशवकुमार कुठे गेले?

प्रश्न : नातीचा अभ्यास घेताना आमच्या वेळच्या पाठ्यपुस्तकातली ‘आजीचे घड्याळ’ आठवली. कवी केशवकुमार. आमचे हे म्हणतात, ते म्हणजे ‘मराठा’वाले आचार्य अत्रेच. इतके हळुवार लिहिणारा माणूस वर्तमानपत्रात शिरल्यावर कविता कशी विसरला? आणि त्यांचे वाचायचे तर सुरुवात कुठून करू?
– एक वाचक, बार्शी

उत्तर : यजमानांचे बरोबर आहे, ताई. केशवकुमार म्हणजे प्रल्हाद केशव अत्रे. जन्म 1898 चा, सासवडजवळच्या कोडीतचा. पुण्यात कॅम्पातल्या शाळेत मुख्याध्यापकी केली, मग नाटके, चित्रपट. ‘नवयुग’ साप्ताहिक 1940 साली निघाले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. म्हणजे संपादक होण्याच्या कितीतरी आधी ते कवी होते.

पण ‘विसरला’ हे मला पटत नाही. मी उमेदीची वर्षे एका दैनिकात उपसंपादकी केली. ‘जरा अत्रे छापाचा मथळा काढ’ म्हटले की नव्या पोरालाही बरोबर कळायचे काय हवे ते. ते कसब कवितेतूनच आले होते. ‘झेंडूची फुले’ या त्यांच्या विडंबन कवितांच्या संग्रहातला ‘प्रेमाचा गुलकंद’ आठवा. तो बिचारा रोज नेमाने तिला गुलाब आणून देतो, आणि अखेर मनातले बोलतो तर बाई आतून बरणी घेऊन येतात. सगळ्या फुलांचा गुलकंद घालून ठेवलेला! भाषेचा थाट तेव्हाच्या प्रेमकवितेचाच, नजर मात्र स्वयंपाकघरातली. असे विडंबन साधायला समोरच्याची लकब कानात पक्की बसावी लागते. पुढे त्या कानाला मंत्र्यांची भाषणे मिळाली. मंत्र्यांचे काय झाले असेल ते सांगायला नकोच.

दैनिक ‘मराठा’ 15 नोव्हेंबर 1956 ला सुरू झाला, संयुक्त महाराष्ट्राच्या ऐन धामधुमीत. पत्र जेमतेम तीन आठवड्यांचे, तोच 6 डिसेंबरला बाबासाहेब गेले. अंत्यसंस्काराच्या वेळी अत्रे बोलले आणि ‘मराठा’तून लेखामागून लेख लिहीत राहिले. आमच्या धंद्यात मृत्युलेख बहुधा फायलीतून निघतो. जन्म, शिक्षण, भूषवलेली पदे आणि शेवटी ती ‘कधीही भरून न येणारी पोकळी’. रात्रपाळीला मीही असे पुष्कळ लावलेत. अत्र्यांचा मृत्युलेख मोठ्याने वाचून बघा. छोटी छोटी वाक्ये, तोच शब्द पुन्हा पुन्हा, दर खेपेला आवाज एक पट्टी वर. मुंबईच्या प्रश्नावर ज्या नेहरूंना त्यांनी झोडपून काढले, ते 1964 मध्ये गेले तेव्हा अत्र्यांनी लिहिलेले लेख ‘सूर्यास्त’ या पुस्तकात आहेत. ते वाचताना लेखणी कवीची आहे हे वेगळे सांगावे लागत नाही. ‘गेल्या दहा हजार वर्षांत असे झाले नाही’ ही त्यांची लाडकी अतिशयोक्तीसुद्धा मला कवीचीच खोड वाटते. बातमीदाराने असे लिहिले असते तर आमच्या वृत्तसंपादकांनी कॉपी तोंडावर फेकली असती.

एक मात्र सांगतो, भक्तांना राग आला तरी चालेल. कवितेत त्यांचे विडंबन शैलीचे होते, वर्तमानपत्रात ते माणसांवर घसरले. कादंबरीकार ना. सी. फडक्यांशी त्यांचे वाद तेव्हा लोक चवीने वाचत. आज त्यातला बराच मजकूर नुसता शिवराळ वाटतो. रोज अंक काढायचा म्हणजे रोज कुणीतरी झोडायला लागतो, हे त्यामागचे एक कारण असावे.

वाचनाचे म्हणाल तर ‘कऱ्हेचे पाणी’ हे आत्मचरित्र घ्या. खंड बरेच आहेत, पण पहिला सोडू नका. सासवडचे बालपण त्यात आहे. अग्रलेख सध्या राहू द्या, तेव्हाचे राजकारण ठाऊक नसेल तर निम्मे टोले हवेत जातात. ‘झेंडूची फुले’ची अडचण वेगळी. ज्या कवितांची टर उडवली आहे त्या आता कुणाला पाठ नाहीत. यजमानांना येत असतील तर त्यांना आधी म्हणायला लावा, मग विडंबन वाचा.